दोनशे जणांची बैठक आणि पाच जणांची खोली



राब भाजून झाले, बांधबंदिस्ती उरकली की मृगाच्या आधी ऑनलाइन बैठकांचा हंगाम सुरू होतो. एका स्क्रीनवर दीडशे-दोनशे जण. शास्त्रज्ञ चांगलं सांगतात, आपण माइक बंद करून ऐकतो. शेवटी "काही शंका?" विचारलं की नेहमीचेच दोन-चार जण बोलतात, बाकीचे "धन्यवाद सर" टाकून मोकळे. यंदा एका बैठकीत जरा वेगळं झालं, म्हणून लिहून ठेवतोय.

विषय होता भातातली युरिया-डीएपी ब्रिकेट. पाण्यावर फोकलेल्या युरियातलं बरंचसं नत्र हवेत नाहीतर पाण्याबरोबर जातं. चार चुडांच्या मधोमध ७ ते १० सें.मी. खोल गोळी पुरली की ते चिखलात टिकतं आणि पिकाला हळूहळू मिळतं. कोकणात हे किती वर्षं सांगितलं जातंय, आपल्याला पाठ आहे. तरी अंबाडीपासून वाड्यापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघा, बहुतेक शेतात युरिया फोकूनच जातो.

या वेळी माहिती सांगून झाल्यावर आम्हाला पाच-सहा जणांच्या छोट्या खोल्यांत वाटलं. झूममध्ये ती सोय आहे. वाटणी जमिनीप्रमाणे केली: माळावरची हळवी भातं वेगळी, खोलगट खाचरातली गरवी वेगळी. प्रश्न एकच दिला: "हे तुम्ही का करत नाही?"

आमच्या खोलीत एक ताई होत्या. मोठ्या बैठकीत त्यांचा आवाजही ऐकला नव्हता. त्या म्हणाल्या, "दादा, गुंठ्याला सव्वासहाशे गोळ्या म्हणता. एकराचा हिशोब केलात का? चिखलात वाकून पुरायच्या कोणी? लावणीलाच माणूस मिळत नाय."

हिशोब केला. एकराला २५,००० गोळ्या! दुसरा म्हणाला, दोरीवर लावणी नसेल तर चार चुडांचा चौकोन शोधायचा कुठं? तिसऱ्याचं म्हणणं, दुकानात ब्रिकेट येते तोवर लावणी उरकलेली असते.

परत मोठ्या बैठकीत आलो तर बहुतेक खोल्यांतून हेच आलेलं. मग सरांनी सल्लाच बदलला. सगळ्या शेतात नको, पाणी धरणाऱ्या एकाच खाचरात करा. दोन घरांनी मिळून माणसं फिरवा. ब्रिकेटची मागणी लावणीआधीच एकत्र नोंदवा. दोनशे जणांपुढे "मला परवडत नाही" कोण बोलणार? पाच जणांत माणूस बोलतो.

ही काही संगणकवाल्यांची नवी युक्ती नाही. १९८९ साली इंडोनेशियात भातावरच्या तपकिरी तुडतुड्यांसाठी एफएओच्या मदतीने शेतीशाळा सुरू झाल्या, तेव्हापासूनची ही रीत. पंचवीसेक शेतकरी, त्यांचे पाच-पाचचे गट. गटाने शेतात फिरायचं, शत्रूकीड-मित्रकीड मोजायची, कागदावर चित्र काढायचं आणि सगळ्यांसमोर मांडायचं. आपल्या कृषी विभागाच्या शेतीशाळाही त्याच वळणाच्या. पानी फाउंडेशनच्या फार्मर कपमध्ये डिजिटल शेतीशाळा ऑनलाइन होतात, पण काम गावातल्या गटाने करायचं असतं. ऐकणं मोठ्या सभेत चालतं, ठरवणं छोट्या गटात होतं.

बैठक घेणाऱ्यांसाठी माझ्या वहीतल्या नोंदी:

👉 गट पाच-सहा जणांचा. संगणकाला आपोआप वाटू देऊ नका, कापूसवाला आणि भातवाला एकत्र पडतात. पीक आणि जमीन बघून वाटा.

👉 प्रश्न एकच, आणि तो आधी व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. छोट्या खोलीत गेल्यावर मोठ्या बैठकीतली स्लाइड दिसेलच असं नाही.

👉 नोंद कोण घेणार ते आधीच ठरवा. क्लाउड रेकॉर्डिंगमध्ये छोट्या खोल्यांतलं बोलणं येईलच असं नाही.

👉 एका मोबाइलभोवती चौघे बसले असतील तर त्यांना हलवू नका. तो गटच आहे.

👉 दहा मिनिटं कमी पडतात. आपल्याकडे रेंज यायलाच तीन मिनिटं जातात. वीस तरी द्या. मोबाइलवर 'जॉइन' दाबायचं राहून काही जण बाहेरच अडकतात, त्यांच्यासाठी एक माणूस ठेवा.

👉 शास्त्रज्ञांनी खोल्यांत जरूर फिरावं, पण ऐकायला. ते बोलायला लागले की पुन्हा भाषण सुरू.

आणि नुसता पावसाचा इशारा किंवा अर्जाची शेवटची तारीख सांगायची असेल तर खोल्या कशाला? एक व्हॉइस मेसेज पुरे.

यंदा आम्ही दोन घरांनी मिळून पाच गुंठ्यांचं एक खाचर ब्रिकेटसाठी ठरवलंय. शेजारच्या तेवढ्याच खाचरात नेहमीसारखा युरिया. किती माणसं लागली, किती मजुरी गेली आणि झोडणीनंतर दोन्हीकडचं वजन किती भरलं, ते दिवाळीच्या आसपास इथेच टाकतो. तुमच्याकडे कोणी गोळी पुरली असेल तर मजुरीचा आकडा जरूर कळवा.