वरचा वर्ग

पंचवीस वर्षे मुख्याध्यापकी केलेल्या माणसाला एक खोड जडते. कोठेही चार माणसे ओळीने बसलेली दिसली, की यांतले पास किती आणि नापास किती, हा हिशेब त्याच्या मनात आपोआप सुरू होतो. लग्नाच्या पंगतीतही तो सुटत नाही. निवृत्त होऊन सोळा वर्षे झाली, तरी माझी ही खोड गेलेली नाही. आणि ती मजबरोबर सातासमुद्रांपलीकडे येईल, असे मात्र मला वाटले नव्हते.

२०२४ सालचा उन्हाळा मी मुलीकडे, अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना संस्थानातील डरहॅम या गावी काढला. परदेशी गेलेल्या म्हाताऱ्याची दिनचर्या वाचकांना ठाऊकच आहे. सकाळी फिरणे, दुपारी झोप, आणि संध्याकाळी मुलगी-जावई कचेरीतून परत येईपर्यंत खिडकीतून रिकामा रस्ता पाहणे. माझी त्यातून सुटका केली ती दहा वर्षांच्या नातवाने. "आजोबा, चला, मी तुम्हांला बेसबॉल शिकवतो," असे म्हणून तो मला आणि आपल्या बापाला गावातल्या मैदानावर घेऊन गेला.

डरहॅमचा संघ 'बुल्स' या नावाने ओळखला जातो. १९९५ साली बांधलेल्या त्याच्या मैदानात डाव्या बाजूच्या भिंतीवर एक भला मोठा बैल उभा आहे. घरच्या खेळाडूने होमरन मारली, की त्याचे डोळे लाल होतात व नाकपुड्यांतून धूर निघतो. १९८८ सालच्या एका चित्रपटासाठी प्रथम असा फलक उभारला गेला, आणि पुढे तो गावाचेच दैवत होऊन बसला. बैलाला चेंडू मारणाऱ्यास मांसाचे ताट आणि त्याच्या पायांखालच्या गवतास मारणाऱ्यास हिरव्या भाज्यांचे ताट, असे त्यावर लिहिलेले आहे. मज शाकाहारी माणसाचीही तेथे सोय पाहिलेली आहे, हे वाचून मला त्या खेळाविषयी एकदम आपुलकी वाटू लागली.

दोन आठवड्यांत मला खेळ बेताबाताने समजू लागला. नातवाचा एक आवडता फलंदाज होता. उंच, शिडशिडीत, बॅट घेऊन उभा राहिला की उगाच हातवारे न करणारा. मलाही तो आवडू लागला; वर्गातल्या शांत हुशार मुलाकडे मास्तरांचे लक्ष जाते, तसेच ते होते. एका संध्याकाळी आम्ही गेलो, तो त्याचा पत्ता नाही! मी हळहळून विचारले, "आजारी पडला काय रे?" नातू आनंदाने उडी मारून म्हणाला, "नाही आजोबा, त्याला वर बोलावलं!"

वर म्हणजे मेजर लीगमध्ये. हा शब्द ऐकला आणि माझ्यातला मुख्याध्यापक खडबडून जागा झाला. घरी आल्यावर मी जावयाला रात्री अकरापर्यंत जागवून त्या शाळेची सगळी रचना समजून घेतली. मेजर लीगचे ३० संघ आहेत, आणि प्रत्येकाच्या हाताखाली मायनर लीगचे चार मुख्य वर्ग. सर्वांत वरच्या वर्गास ट्रिपल-ए म्हणतात. डरहॅमचा संघ हा टँपा बे येथील संघाचा ट्रिपल-ए वर्ग. वरच्या संघात एरवी २६ जागा. कोणी जखमी झाला, कोणाचा हात चालेनासा झाला, म्हणजे खालून एकाला हाक येते. २०२३ सालच्या कराराने ट्रिपल-ए मधल्या खेळाडूचे वार्षिक वेतन किमान ३५,८०० डॉलर ठरले. त्याच वर्षी वरच्या वर्गातील किमान वेतन ७,२०,००० डॉलर होते. एका पायरीचे अंतर वीसपट! आमच्या शाळेत वरच्या वर्गात गेलेल्या मुलाला फार तर नवे पुस्तक मिळे.

परंतु वेतनाहून मला नवल वाटले ते या बढतीच्या परीक्षेचे. खालच्या वर्गात दहांत तीन वेळा यशस्वी फटका मारणारा फलंदाज वर जाऊन दहांत दोन वेळाही मारू शकत नाही, असे वारंवार घडते. याचे कारण शोधू जाता ध्यानात येते, की वरचा वर्ग हा खालच्याच वर्गाची थोडी कठीण आवृत्ती नव्हे. चेंडू फेकणारा ६० फूट ६ इंचांवर उभा असतो, आणि ताशी ९५ मैलांच्या वेगाने आलेला चेंडू फलंदाजापाशी पोहोचावयास सेकंदाचे सुमारे चार दशांश लागतात. इतका वेगवान चेंडू टाकणारे खालीही असतात. खालच्याचा वळणारा चेंडू मात्र हातून सुटून पुष्कळदा भलतीकडे जातो, म्हणून फलंदाज त्याची गाठ सोडून देतो व सरळ चेंडूची वाट पाहतो. वरचा गोलंदाज तोच वळणारा चेंडू अडचणीच्या वेळी नेमका हवा तेथे टाकतो. शिवाय तेथे प्रत्येक नवागताचा अभ्यास केलेला असतो. याला गुडघ्याजवळचा चेंडू जमत नाही, त्याला छातीजवळचा खेळता येत नाही, हे थोड्याच दिवसांत साऱ्या लीगला कळते. आणि मग तोच चेंडू, तोच चेंडू, पुन्हा तोच चेंडू. फलंदाजाने आपली खोड मोडली तर तो तरला. नाही तर परतीचे तिकीट. आणि ही खोड त्याला खालच्या वर्गात मोडता येत नाही, कारण तेथे ती कोणी त्याला दाखवून देत नाही. म्हणजे वरच्या वर्गाची खरी तयारी वरच्याच वर्गात होते. अशा स्थितीत कोण तयार आहे आणि कोण नाही, हे आधी सांगावे कोणी?

यात व्यापारही आहे. मेजर लीगमध्ये १७२ दिवस भरले म्हणजे खेळाडूचे एक वर्ष धरले जाते, आणि अशी सहा वर्षे भरली म्हणजे तो आपल्या मर्जीने कोणत्याही संघाकडे जाऊ शकतो. २०१५ साली शिकागोच्या कब्ज संघाने ख्रिस ब्रायंट या तरुण फलंदाजाला हंगामाच्या आरंभी खाली ठेवून १७ एप्रिलला वर आणले. वर्षअखेर त्याचे १७१ दिवस भरले! त्याची बचावाची बाजू अजून कच्ची होती, असे संघाचे म्हणणे. त्याने तक्रार केली, पण २०२० साली निकाल संघाच्या बाजूने लागला. त्याच पहिल्या वर्षी तो उत्कृष्ट नवागत ठरला होता, ही गोष्ट निराळी. उलट, एकदा यादीत चढलेल्या खेळाडूला तीन हंगामांपर्यंत संघाने हवे तेव्हा खाली धाडावे, हवे तेव्हा वर आणावे, असाही नियम आहे. एका हंगामात हे पाचच वेळा करता येईल, एवढी दया २०२२ सालच्या करारात दाखविण्यात आली. पाच वेळा! आम्ही मुलाला एकदा खाली बसवले, तरी त्याच्या घरी चूल पेटत नसे.

हे सारे मनात घोळत असतानाच, १८ जून रोजी, विली मेज हा थोर खेळाडू ९३ व्या वर्षी वारल्याची बातमी आली. पुढे कित्येक दिवस वृत्तपत्रे त्याच्या आठवणींनी भरलेली होती, आणि मी ती अक्षरशः अधाशासारखी वाचली. १९५१ च्या मे महिन्यात हा वीस वर्षांचा मुलगा मिनिॲपोलिसच्या संघात खेळत होता. त्याची सरासरी .४७७, म्हणजे शंभर खेपांत जवळजवळ ४८ वेळा यश! न्यूयॉर्क जायंट्सने त्याला वर बोलावले, तेव्हा तो एका परगावी चित्रपट पाहत बसला होता; निरोप पडद्यावर झळकला. फोनवर तो व्यवस्थापक लिओ ड्युरोशरला म्हणाला, की वरचे चेंडू मला खेळता यावयाचे नाहीत. ड्युरोशरने त्याची सरासरी विचारली, आणि याच्या जवळपास निम्मी जमली तरी मला पुरे, अशा अर्थाचे काही सांगून त्याला आणविले. मुलाचे म्हणणे खरे ठरू लागले. पहिल्या बारा खेपांत एकही फटका नाही. तेराव्या खेपेस वॉरन स्पानसारख्या नामांकित गोलंदाजाला होमरन. आणि त्यापुढे पुन्हा दुष्काळ. मुलगा कपड्यांच्या कपाटापुढे बसून रडू लागला, मला परत पाठवा म्हणू लागला. ड्युरोशर मोठा तापट, भांडकुदळ म्हणून प्रसिद्ध. पण तो त्याच्याजवळ जाऊन बसला, आणि मी येथे आहे तोवर मधल्या मैदानात तूच उभा राहशील, असे त्याने त्याला सांगितले. त्या वर्षी मेजने २० होमरन मारल्या व उत्कृष्ट नवागताचा मान मिळविला. जन्मभरात मारल्या ६६०.

त्याच १९५१ साली, त्याच न्यूयॉर्क शहरात, यँकीज संघात एकोणीस वर्षांचा मिकी मँटल आला. तोही चाचपडू लागला. पण यँकीजनी त्याला ठेवून घेतले नाही. जुलैत त्याला कॅन्सस सिटीच्या संघात परत धाडले. तेथेही त्याचा हात चालेना. त्याने बापाला फोन केला. बाप ओक्लाहोमात जस्त-शिशाच्या खाणीत राबणारा. तो गाडी हाकीत मुलाच्या हॉटेलात येऊन दाखल झाला. मुलाला वाटले, आता आपली समजूत घालील. बापाने एक शब्द गोड न बोलता त्याचे कपडे पेटीत भरावयास सुरुवात केली: चल घरी, माझ्याबरोबर खाणीत उतर. मुलगा हादरला, राहिला, आणि त्या चाळीस सामन्यांत .३६१ ची सरासरी करून ऑगस्टमध्ये पुन्हा वर गेला. बाप त्या वेळी आतून आजारी होता. पुढच्याच वर्षी तो वारला. मँटलच्या नावावर अखेर ५३६ होमरन लागल्या.

वाचकहो, हे दोन प्रसंग मी एकाखाली एक लिहून काढले, आणि त्या रात्री मला झोप आली नाही. एकाच वर्षी, एकाच गावी, एकाच वयाची दोन मुले वरच्या वर्गात कच्ची ठरली. एकाला ठेवून घेतले, दुसऱ्याला खाली बसवले. आणि दोन्ही निर्णय बरोबर ठरले. मग चूक ती कोणती?

मला चूक शोधण्याचे कारण होते. १९८४ साली, मुख्याध्यापक होऊन मला एकच वर्ष झाले होते. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी सायकल-दुरुस्ती करणाऱ्याचा एक मुलगा पाचवीत होता. तोंडी हिशेबात तो मास्तरांना हरवी. मी मोठ्या हौसेने त्याला एकदम सातवीत घातले. नव्या मुख्याध्यापकाची गुणग्राहकता गावाला दिसावी, हाही हेतू त्यात नव्हता असे नाही. सातवीत बीजगणित आले, इंग्रजी पुढे गेलेले. सहामाहीत तो तीन विषयांत नापास झाला व शेवटच्या बाकावर जाऊन बसू लागला. मी त्याला सहावीत उतरविले. दिवाळीची सुटी संपली, शाळा उघडली. तो आला नाही. मी शिपायाला एकदा त्याच्या घरी पाठविले. "येतो म्हणाला," असे शिपायाने सांगितले. तो पुन्हा कधीच आला नाही.

चाळीस वर्षे मी स्वतःशी वाद घालीत आलो, की त्याला वर चढविले ही माझी चूक, का खाली उतरविले ही चूक. कधी एक वाटे, कधी दुसरे. डरहॅमच्या त्या रात्री मला कळले, की माझा वादच भलत्या जागी चालला होता. ड्युरोशर मुलाजवळ जाऊन बसला. मँटलचा बाप गाडी घेऊन आला. एक गोड बोलला, एक कडू. परंतु दोघेही आपणहून गेले. आणि मी शिपायाला पाठविले. सायकलचे ते दुकान शाळेपासून पाच मिनिटांच्या अंतरावर होते. पुढे कित्येक वर्षे मी त्यावरून जाताना रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने जात असे.

परत निघण्याच्या आदल्या आठवड्यात आम्ही शेवटचे मैदानावर गेलो, तो नातवाचा शिडशिडीत फलंदाज परत आलेला! वर त्याचे जमले नव्हते. त्याचे नाव पुकारले गेले. मला वाटले, लोक आता गप्प बसतील किंवा हसतील. पण सारे मैदान टाळ्या वाजवू लागले; नातू तर बाकावर उभा राहून ओरडत होता. "अरे, तो नापास होऊन आला ना?" मी विचारले. नातवाने माझ्याकडे नवलाने पाहिले. "हो, पण तो आपला आहे ना, आजोबा!" फलंदाजाने मान वर केली नाही. पहिल्या खेपेला तो बाद झाला, दुसऱ्या खेपेलाही. तिसऱ्या खेपेला काय झाले, ते मी पाहिले नाही. माझे लक्ष तेथे नव्हते.

गावी परतल्यावर दुसऱ्याच दिवशी मी त्या दुकानाकडे गेलो, या वेळी रस्त्याच्या त्याच बाजूने. जुन्या सायकली जाऊन तेथे मोटारसायकली उभ्या होत्या. एक वीस-बावीस वर्षांचा तरुण हात काळे करून बसला होता. त्याचे कपाळ मला ओळखीचे वाटले. वडील सहा वाजता येतात, असे त्याने सांगितले, आणि काही काम होते काय, म्हणून विचारले. साडेचार वाजले होते. काम आहे, मी म्हणालो, आणि दुकानापुढच्या बाकावर बसलो.