जुन्या गोव्यातली एक सकाळ

बेळगावच्या माणसाला गोवा म्हणजे चोर्ला घाट उतरला की आलाच. मीही लहानपणापासून कितीतरी खेपा केल्या, पण जुना गोवा कायम घाईत पाहिलेला. बॉम जेझूसमधली सेंट झेवियरची चांदीची पेटी, बाहेर दोन फोटो, शहाळं, की गाडी मंगेशीकडे. यंदा मडगावच्या मित्राकडे मुक्काम होता. ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस. त्याच्या आईला कन्फेशन बॉम जेझूसलाच करायचं होतं, म्हणून मी गाडी काढली.

वाटेत मी मित्राला माझ्या चुलत भावाचं पुराण ऐकवलं. बाबा आजारी असताना एकदा आला नाही, घराच्या वाटणीला मात्र वेळेवर हजर. तीन वर्षं आमचं बोलणं नाही. दुसऱ्याच्या कोडमधल्या चुका काढण्याचाच पगार घेतो मी, त्यामुळे तारखांसकट सगळं पाठ. आंटी मागे गप्प बसून ऐकत होत्या.

पोचलो तेव्हा फादर यायचे होते, म्हणून आधी समोरचं से कॅथेड्रल पाहिलं. दोन मनोऱ्यांपैकी एक 1776 मध्ये पडला, तो पुन्हा बांधलाच नाही. उरलेल्या मनोऱ्यात ‘सोन्याची घंटा’ आहे. इन्क्विझिशनच्या काळात शिक्षा जाहीर व्हायच्या दिवशी ही वाजवत, असं सांगतात. इन्क्विझिशनचा वाडा इथेच, कॅथेड्रलच्या पुढच्या चौकात होता. 1560 ते 1812, मधली काही वर्षं सोडली तर हा कारभार चालला. बाटलेल्या घरात कोणी जुना रीतिरिवाज पाळल्याचा नुसता संशय आला तरी बोलावणं यायचं, आणि चुगली कोणी केली ते आरोपीला सांगत नसत. त्या वाड्याचं आज काहीही उभं नाही. आमचं कुलदैवत गोव्यातलं, त्यामुळे मला हे तिऱ्हाइतासारखं पाहता येत नाही. मी मित्राला जरा टोचूनच म्हटलं, “तुमच्या चर्चचे पराक्रम!”

तो म्हणाला, “हो.” मग थोडं थांबून म्हणाला, की 12 मार्च 2000 रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोमच्या सेंट पीटर्समध्ये, भर प्रार्थनेत, चर्चच्या माणसांच्या पापांसाठी क्षमा मागितली. सत्याच्या नावाखाली केलेल्या जुलमाचाही त्यात उल्लेख होता. यापुढे त्याने चर्चची बाजू घेतली नाही. मी वादाची तयारी करून बसलो होतो, ती वाया गेली.

रस्ता ओलांडून बॉम जेझूसमध्ये आलो. बाहेर तांबडा चिरा, आत थंडावा. आंटी कन्फेशनला गेल्या. मी मागच्या बाकावर बसलो. खरं सांगायचं तर या प्रकाराबद्दल माझं मत ठरलेलं होतं: आठवडाभर हवं ते करा, मग जाळीआड पुटपुटा, की खातं कोरं. मित्राला तसं म्हटलंही. तो हसला. “फादरनासुद्धा दुसऱ्या फादरपुढे असंच गुडघे टेकावे लागतात,” म्हणाला.

आंटी दहा मिनिटांत आल्या. “काय सांगितलंत?” मी गमतीने विचारलं.

“तें सांगूंक जायना,” त्या म्हणाल्या. पण गाडीत बसल्यावर त्यांनी आपणहून एक जुनी गोष्ट सांगितली. लग्नानंतर पहिल्याच वर्षी कन्फेशनमध्ये त्या जावेबद्दल सांगायला लागल्या. ती असं बोलली, तिने तसं केलं. फादरनी मधेच थांबवलं. म्हणाले, तिचं ती येऊन सांगेल, तू तुझं सांग. “मागीर म्हाका कितें सांगचें तेंच कळना!” आंटी खळखळून हसल्या.

आगशीच्या पुलावर गाड्या तुंबल्या होत्या. मित्राने विचारलं, “मग त्या भावाचं पुढे काय?” मी सवयीने “त्याने” असं म्हणून सुरुवात केली आणि अडलो. बाबा हॉस्पिटलमध्ये असताना एका रात्री त्याचा फोन आला होता. मी अमेरिकेच्या मीटिंगमध्ये होतो, दोनदा कापला. नंतरही उलट फोन केला नाही. हे मी आईलाही सांगितलेलं नाही.

तेवढं सांगितलं. मित्र काही बोलला नाही. आंटी मागे डोळे मिटून बसल्या होत्या, झोपल्या होत्या की नाही कोण जाणे.