ठरावात कुत्र्याची जात लिहू नकोस

कोल्हापूर

चि. निखिल,


ठरावाचा मसुदा मिळाला. 'सोसायटीच्या आवारात पिटबुल, रॉटवायलर व तत्सम हिंस्र जातींचे कुत्रे पाळण्यास सक्त मनाई' हे एकच वाक्य आणि खाली तुझा प्रश्न, जनावरांची डॉक्टर म्हणून आत्याला काय वाटतं. फोनवर उरकता येईल असं हे उत्तर नाही, म्हणून लिहायला बसले.

तुझी भीती मला खोटी वाटत नाही. तुझी ओवी पाच वर्षांची आहे, त्यात बी विंगमधल्या बिऱ्हाडात रॉटवायलरचं पिल्लू आलंय. २०२५ च्या जुलैमधला मानखुर्दचा तो व्हिडिओ तूच मला पाठवला होतास. उभ्या रिक्षात ११ वर्षांचं पोर, त्याच्या अंगावर येणारा पिटबुल आणि हसत बसलेला मालक. त्याआधी २०२४ च्या ऑगस्टमध्ये गोव्यात हणजूणला पिटबुलने सात वर्षांच्या मुलाचा जीव घेतला. २०२२ मध्ये लखनऊला ८२ वर्षांच्या बाई घरातल्याच पिटबुलच्या हल्ल्यात गेल्या. हे सगळं डोळ्यांपुढे असताना कुणी 'आमचा कुत्रा काही करत नाही हो' म्हणाला, तर तुला संताप येणारच.

म्हणून आधी माझ्याच बाजूच्या लोकांशी भांडते. प्राणिप्रेमी मंडळी म्हणतात की सगळा दोष मालकाचा, कुत्रे सगळे सारखेच. हे मला मान्य नाही. माझ्या टेबलावर पॉमेरियन मला कितीदा तरी चावला आहे. आयोडीन लावलं आणि पुढच्या पेशंटला हात घातला. पूर्ण वाढलेला रॉटवायलरचा नर ५०–६० किलोंचा असतो. तो एकदाच नीट चावला तर हात कामातून जातो, आणि लहान मूल असेल तर त्याची मान आणि तोंड बरोबर कुत्र्याच्या जबड्याच्या उंचीवर येतं. पिटबुलचा जबडा धरला की कुलपासारखा अडकतो असं लोक सांगतात, ते साफ खोटं. तसा कुठलाही अवयव त्याच्या जबड्यात नाही. पण एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये बुलडॉग आणि टेरियर यांच्या संकरातून झुंजीसाठी जे कुत्रे काढले, त्यांचं हे रक्त आहे, आणि धरलेलं न सोडणं हा त्यात पिढ्यान्‌पिढ्या निवडलेला गुण आहे. हे नाकारून कुत्र्यांचं काही भलं होत नाही. चावण्याची शक्यता आणि चावल्यावर होणारं नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीत ताकदीला फार महत्त्व आहे.

तरीही तुझ्या ठरावात मला जातीचं नाव नको आहे.

मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने राज्यांना एक पत्र पाठवलं. २३ जातींच्या कुत्र्यांना परवाने देऊ नका, विक्री आणि पैदास थांबवा, जे आधीपासून घरात आहेत त्यांची नसबंदी करा. ती यादी मी बारकाईने वाचली. त्यात टोसा हा एकच जपानी कुत्रा दोन ठिकाणी आला आहे. 'टेरियर' असा सरसकट शब्द आहे, म्हणजे मांडीवर बसणारा यॉर्कशायर टेरियरसुद्धा त्यात आला. कांगाल आणि अकबाश हे तुर्कस्तानातले मेंढ्या राखणारे कुत्रे, शारप्लानिनाक बाल्कनच्या डोंगरातला. इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये या तिघांपैकी एकही माझ्याकडे आलेला नाही. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्रक रद्द केलं, मग दिल्ली उच्च न्यायालयानेही. ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना विचारलंच नव्हतं, हे मुख्य कारण. मला मात्र त्याहून मोठी अडचण दिसते ती अंमलबजावणीची. महापालिकेचा कोण माणूस तुमच्या दारात येऊन हा पिटबुल आहे, हा अमेरिकन बुली आहे आणि हा लॅब्रॅडॉरचा संकर आहे, असं सांगणार? आपल्याकडे बहुतेक कुत्र्यांना वंशावळीचा कागदच नसतो. तोंड रुंद आणि छाती भरदार असलेल्या संकराकडे पाहून मीही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

स्वभावाचं तर आणखी अवघड. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतल्या संशोधकांचा एक मोठा अभ्यास आला होता, १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून घेतलेल्या माहितीवर आधारलेला. कुत्र्याकुत्र्यांमधल्या वागण्याच्या फरकापैकी जातीने उलगडतो तो भाग जेमतेम ९ टक्के, असं त्यांना आढळलं. बाकीचं वंशातल्या इतर गोष्टी, वाढ, घर, माणसं. म्हणजे जात ही पूर्ण निरर्थक नाही, पण समोरचं एक कुत्रं कसं वागेल हे तिच्यावरून सांगता येत नाही.

इंग्लंडचं उदाहरण तुझ्या कमिटीला जरूर सांग, कारण त्यांनी हा प्रयोग आपल्याआधी तीस वर्षं केला. १९९१ च्या कायद्याने त्यांनी पिटबुल टेरियर, टोसा, डोगो अर्जेंटिनो आणि फिला ब्राझिलेरो या चार प्रकारांवर बंदी घातली. ज्यांना लोक घाबरतील असाच कुत्रा हवा होता, ते काही पूडल पाळायला लागले नाहीत. त्यांनी यादीबाहेरचा कुत्रा शोधला. पुढे एक्सएल बुली नावाचं धूड आलं, यादीत नाही म्हणून कायदेशीर. माणसं मेली, मुलं मेली, आणि २०२३ च्या अखेरीस त्यालाही यादीत घालावं लागलं. पण तोवर घराघरांत असलेल्या कुत्र्यांचं काय करणार? ५० हजारांहून अधिक कुत्र्यांना सूट देऊन ठेवावं लागलं. सूट कोणत्या अटींवर? नसबंदी, मायक्रोचिप, बाहेर पडताना पट्टा आणि मुसकी, दुसऱ्याला इजा झाली तर भरपाईचा विमा. बंदी म्हणून सुरू झालेलं काम शेवटी मालकावरच्या अटींपाशी येऊन थांबलं. त्या अटी सुरुवातीलाच प्रत्येक मोठ्या कुत्र्याच्या मालकावर घातल्या असत्या तर, हे मला राहून राहून वाटतं.

आता तू म्हणशील, मग मालकालाच धरा. धरावंच. पण कधी धरायचं? मुंबईत नेपियन सी रोडवर २०१० मध्ये एका रॉटवायलरने मालकाच्या वयस्क नातेवाइकाला चावे घेतले. गिरगावच्या कोर्टाने मालकाला तीन महिन्यांची कैद सुनावली ती २०२३ मध्ये. तेरा वर्षं! रॉटवायलरचं सगळं आयुष्यसुद्धा सहसा एवढं नसतं. चावल्यावर जबाबदारी ठरवणं म्हणजे जखमेवर कागद चिकटवणं. हणजूणच्या त्या आईला भरपाई काय देणार?

जबाबदारी चावण्याच्या आधीची हवी, आणि तिला कायद्यात जागा आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ वाच. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा संभाव्य धोका टाळण्यासाठी पुरेशी काळजी न घेणं, हाच तिथे गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चावा घेतलाच पाहिजे अशी अट नाही. साठ किलोंचा कुत्रा लिफ्टमध्ये पट्ट्याशिवाय आणणारा माणूस त्याच क्षणी या कलमाखाली येऊ शकतो. पण पोलीस ठाण्यात तक्रार घेऊन गेलं की पहिला प्रश्न येतो, 'चावला का?'

धोकादायक कुत्रा घडतो कसा, हे मी जवळून पाहिलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. सुरुवात विकणाऱ्यापासून होते. कुत्र्यांच्या पैदाशीच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याला नोंदणी लागते. प्रत्यक्षात महिन्याभराची पिल्लं खोक्यातून माझ्याकडे लशीला येत. आईजवळ आणि भावंडांत खेळताना पिल्लू एक गोष्ट शिकतं, ती पुढे शिकवणं फार अवघड असतं: किती जोराने चावलं की समोरचा केकाटतो. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून तिसऱ्या महिन्यापर्यंतचा काळ त्याच्या मेंदूत जग भरायचा असतो. माणसं, पोरं, स्कूटर, छत्री, कुकरची शिट्टी. त्या काळात आपल्याकडे मोठ्या जातीचं पिल्लू गच्चीवर साखळीला असतं, कारण 'जास्त लोकांत मिसळला तर राखण करणार नाही'. मग पोरं त्याला काठीने डिवचतात, मालक मित्रांसमोर 'छू' म्हणतो, आणि कुत्रा गुरगुरला की फटका देतो.

हा फटका सगळ्यात घातक. गुरगुरणं ही कुत्र्याने दिलेली सूचना असते. त्याआधी तो आणखी सूचना देतो: एकदम थिजतो, तोंड फिरवतो, ओठ चाटतो, डोळ्याचा पांढरा भाग दिसायला लागतो. गुरगुरलं की मार पडतो हे शिकलेला कुत्रा गुरगुरणं सोडतो, भीती सोडत नाही. मग एक दिवस तो सूचना न देताच चावतो आणि घरचे म्हणतात, 'अचानक काय झालं कळलंच नाही'. असे कुत्रे माझ्याकडे कायमच्या झोपेचं इंजेक्शन द्यायला आणले गेले आहेत. त्यांतले काही देशी होते, एक तर सोनेरी लॅब्रॅडॉर होता. सगळ्यांच्या मागे हीच कहाणी.

उलट बाजूही पाहिली आहे. आपल्या धनगरांचे कुत्रे पाहा. लांडग्याच्या अंगावर जाणारा कुत्रा, रात्री वाड्याजवळ परक्याला फिरकू देत नाही, पण धनगराची पोरं त्याच्या अंगावर लोळतात. त्याला काम आहे, दिवसभर चाल आहे, माणसं आणि जनावरं यांच्यात तो वाढला आहे. ताकद तीच, पण ती कुणाच्या हातात आणि कशासाठी आहे हे तिथे स्पष्ट असतं. शहरातल्या दोन खोल्यांत, नवराबायको दिवसभर ऑफिसात असताना रॉटवायलर ठेवण्यात काय स्पष्ट आहे, हे मला कुणी सांगावं.

आता जर्मनीचं उदाहरण. तिथे हॅम्बुर्गला २००० साली एका शाळेच्या मैदानात पिटबुलने सहा वर्षांच्या मुलाला मारलं. त्या कुत्र्याला पट्टा आणि मुसकी लावायचा आदेश आधीच निघाला होता. मालकाने पाळला नव्हता, आणि पाळतो की नाही हे पाहायला कुणी गेलं नव्हतं. त्यानंतर तिथे जातींच्या याद्या आल्या. पण नीडरझाक्सन नावाच्या राज्याने वेगळी वाट धरली. तिथे जातींची यादी नाही. २०१३ पासून पहिल्यांदा कुत्रा पाळणाऱ्याने कुत्रा घेण्याआधी लेखी परीक्षा द्यायची आणि पहिल्या वर्षात कुत्र्यासकट प्रात्यक्षिक. चिप आणि विमा तर प्रत्येकाला. दुचाकी चालवायला आपण परवाना मागतो, मग हे का मागू नये? आपल्याकडे महापालिकेचा कुत्र्याचा परवाना म्हणजे रेबीजच्या लशीचा दाखला आणि पावती. मालकाला कुत्र्यातलं काय कळतं, हे कुणी विचारत नाही.

माझं मत विचारलंस तर सांगते. बंदी घालायचीच तर ती माणसांवर घालावी. ज्याने कुत्र्यांची झुंज लावली, ज्याने कुत्रा अंगावर सोडला, ज्याच्या कुत्र्याबद्दल तक्रारी असूनही पट्टा लागला नाही, त्याला पुन्हा कुठल्याच जातीचा कुत्रा मिळता कामा नये. आणि ठरावीक वजनाच्या वरच्या प्रत्येक कुत्र्याला, मग तो देशी कारवानी असो की जर्मन शेफर्ड, जादा अटी असाव्यात. हे सरकारने करायचं काम आहे आणि मी त्यासाठी लिहीत राहीन.

तुझ्या सोसायटीपुरतं बोलू. पहिली गोष्ट म्हणजे तुमचा ठराव टिकणार नाही. भारतीय पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचना स्पष्ट आहेत की बहुमताने ठराव करूनही सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. बी विंगवाले वकील आणतील, सहा महिने भांडण चालेल, आणि तेवढ्यात ते पिल्लू वर्षाचं होऊन ४० किलोंवर जाईल, कुणाशी न बोलता, कुणाला न पाहता वाढलेलं. तुला ज्याची भीती वाटते तेच तुम्ही सगळे मिळून घडवाल.

त्याऐवजी मालकाला या रविवारी भेट. कमिटी घेऊन जाऊ नकोस, एकटा जा. महापालिकेचा परवाना आणि लशीची नोंदवही बघायला माग. रेबीज जात पाहत नाही, त्यामुळे हे पॉमेरियनवाल्यांनाही विचार. पिल्लू कुठून आणलं, किती दिवसांचं होतं, हे विचार. लिफ्टमध्ये आणि जिन्यात आखूड पट्टा, दुसऱ्या टोकाला मोठं माणूस, दहावीतला मुलगा नव्हे. मोठं झाल्यावर गर्दीच्या वेळी जाळीची मुसकी, म्हणजे त्याला तोंड उघडून धापा टाकता येतील आणि पाणी पिता येईल अशी; कापडी घट्ट पट्टी नको, उन्हाळ्यात जीव जातो. मुसकीची सवय आत्तापासून खाऊ देऊन लावावी लागते. हे सगळं लिहून द्यायला त्यांची ना नसेल, असं मला वाटतं. माझा नंबर त्यांना दे. प्रशिक्षक कसा निवडायचा हे मी सांगेन; काठी किंवा काटेरी पट्टा वापरणारा असेल तर दारातूनच परत पाठवायचा.

ठरावात जातीचं नाव खोडून असं लिही की कुत्र्याबद्दल लेखी तक्रार आली तर कमिटी आठ दिवसांत मालकाशी बोलेल, नोंद ठेवेल, आणि दुसऱ्या तक्रारीला महापालिका आणि पोलिसांना कळवेल, कलम २९१ चा उल्लेख करून. चावा झाला नसला तरी. कागद तयार असला की पोलिसांना 'चावला का' विचारून हात झटकता येत नाहीत.

आणि ओवीला शिकव. कुत्रा खात असताना, झोपला असताना, पिल्लांजवळ असताना जायचं नाही, घरातला असला तरी. मालकाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. गळ्यात पडायचं नाही. अंगावर आला तर पळायचं नाही, ओरडायचं नाही, हात अंगाला लावून झाडासारखं उभं राहायचं, नजर जमिनीकडे. पडली तर गुडघे पोटाशी आणि हात मानेवर. खेळ म्हणून चार-पाच वेळा करून घे, मुलं पटकन शिकतात. सोसायटीतल्या इतर मुलांनाही बोलाव.

दिवाळीत येईन तेव्हा त्या पिल्लाला तपासायला मला आवडेल. मालकांना तसं कळव, फी घेणार नाही. दुरुस्त केलेला मसुदा त्याआधी पाठव. कलमाचे शब्द मी नीट तपासून देईन.

तुझी,
आत्या