पांढरी

वडनेर भोलजी,
ता. नांदुरा, जि. बुलढाणा

चि. निखिल,


जुनं घर उतरवल्यावर पाया किती खोल घ्यावा लागेल आणि खाली माती कोणती आहे, असं तू विचारलं होतंस. त्या मातीचं नाव मला घराच्या कागदांतच सापडलं. पणजोबांच्या वेळच्या खरेदीखतात शेताचा उल्लेख ‘काळीतील’ असा आहे आणि घराचा ‘पांढरीतील’. काळी आई आपण रोज म्हणतो. पांढरी मात्र माझ्या पिढीच्या बोलण्यातूनच गेली. शेजारच्या म्हाताऱ्या आजींना विचारलं, तर त्यांना शब्द लगेच कळला. काळीत पिकवायचं आणि पांढरीत नांदायचं, असं त्यांच्या सासूबाई सांगत.

पांढरी म्हणजे गाव ज्या जमिनीवर वसलं आहे ती जमीन. मोल्सवर्थच्या कोशातही हा अर्थ आहे. पण तिला पांढरी का म्हणतात, ते समजून घेण्यासारखं आहे. आपल्या भागातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कपाशीला ती चांगली, पण भिंतीला चालत नाही. म्हणून घरासाठी लोक फिकट, चिकण माती शोधून आणत. वऱ्हाडातल्या गढ्या त्याच मातीच्या, धाब्याची घरंही तिचीच. भिंत पडली की तिची माती तिथेच पसरायची आणि वर नवी भिंत उभी राहायची. चुलीची राख, शेणाचा सडा, कुटार, चुना, फुटकी मडकी, सगळं त्यातच मुरायचं. असे थरावर थर चढत गावाची जागा शेतापेक्षा उंच होते आणि तिचा रंगही वेगळा पडतो. काळी खडकाच्या झिजेतून आली. पांढरी मात्र माणसांच्या राहण्यातून तयार झाली.

पुढे तर हा शब्द मातीवरून माणसांवर गेला. जुन्या मराठी महजरांत वतनाचा किंवा सीमेचा निवाडा होताना मोकदमाच्या जोडीला ‘समाकुल पांढरी’ हजर असे. तिथे पांढरी म्हणजे सगळं गाव, निवाड्याला साक्ष असलेली गावची माणसं. मराठ्यांच्या राज्यात नागपूरकडे शेती न करणाऱ्या रहिवाशांवर पांढरी नावाचा कर होता आणि इंग्रजांनीही तो बरीच वर्षं चालू ठेवला. शेतकऱ्याचा सारा काळीवर, विणकर-दुकानदारांचा कर पांढरीवर, अशी ती वाटणी होती. आजही शेताचा सातबारा तलाठ्याकडे असतो आणि घराचा नमुना आठ ग्रामपंचायतीत. काळी-पांढरीची वाटणी कागदावर टिकली, नावं तेवढी बदलली.

हा शब्द सर्वांत जास्त जपला तो पुरातत्त्वाच्या अभ्यासकांनी. नदीकाठच्या शेतात फिकट मातीचं उंच टेकाड दिसलं की ते त्याला पांढरीचं टेकाड म्हणतात. तिथे कधीकाळी वस्ती होती, हे त्यांना रंगावरूनच कळतं. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे अनेक वर्षं उत्खनन केलं आणि तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरं, चुली, धान्याच्या कणग्यांच्या जागा उजेडात आणल्या. आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण तर हाकेच्या अंतरावर आहे. संग्रामपूर तालुक्यात पूर्णेच्या काठी भोण आहे. तिथे डेक्कन कॉलेजच्या भास्कर देवतारे यांनी केलेल्या उत्खननात स्तूपाचे अवशेष, मातीच्या कड्यांच्या विहिरी आणि विटांनी बांधलेला कालवा निघाला. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी पूर्णाकाठचे लोक पाणी वळवून नेत होते, हे आपल्याला त्या पांढरीने सांगितलं.

आणि तीच पांढरी आता जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात येते. आपल्याच तालुक्यातल्या या धरणासाठी पूर्णाकाठची कितीतरी गावं उठत आहेत. पाण्याची गरज मी नाकारत नाही. खारपाणपट्ट्यात जन्म काढलेल्या माणसाला गोड्या पाण्याची किंमत सांगावी लागत नाही. पण उठलेल्या गावाला सरकार नवं गावठाण देतं, रस्ते आखून देतं, प्लॉट पाडून देतं, पांढरी देऊ शकत नाही. ती तयार व्हायला पिढ्यान्‌पिढ्या तिथे नांदावं लागतं. स्थलांतरित म्हातारी माणसं नव्या घरात का रमत नाहीत, हे मला या शब्दाने समजावलं.

गावात राहणारे आम्हीही पांढरी कमी नासवत नाही. ती खताळ असते म्हणून टेकाडं खणून माती शेतात टाकण्याची रीत जुनीच आहे. पूर्वी टोपल्याने जात होती, आता जेसीबी एका दुपारी शंभर वर्षांचे थर ट्रॅक्टरमध्ये भरतो. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होते, घरमालकाला मिळकत पत्रिका मिळते. हे चांगलंच झालं. पण त्या नकाशात वरची हद्द येते, खालचा थर येत नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. पांढरी ही भर आहे, तिच्या भरवशावर पाया घेऊ नकोस. तिच्याखाली फुगणारी काळी लागेल, म्हणून माती तपासून घट्ट थरापर्यंत जा. पण यंत्र लावण्याआधी एका कोपऱ्यात हाताने खड्डा घेऊ. प्रत्येक थराचा फोटो काढू, खोली मोजून लिहून ठेवू. जुनं नाणं किंवा मूर्ती निघालीच तर तहसीलला कळवू, घरात ठेवायची नाही.

आणि एक काम तुझ्या मित्रांसह कर. तुम्हाला मोजणी येते, नकाशे काढता येतात. जिगावच्या पाण्याखाली जाणाऱ्या गावांत सुट्टीत या, प्रत्येक गावची पांढरी मोजा, तिची उंची लिहा, म्हाताऱ्यांकडून घरं-वाड्यांची नावं उतरवून घ्या. गावं रिकामी होण्याआधीच हे करता येईल, नंतर नाही.

तुझा,
काका