गेले, झोपले की उठणार आहेत?

ख्रिस्ती माणूस वारला की त्याचा आत्मा स्वर्गात जातो आणि विषय संपतो, अशी माझी समजूत होती. जन्ममरणाचा फेरा नाही, पिंडाला कावळा शिवायची वाट बघणं नाही. सुटसुटीत मामला.

धाकट्या बहिणीचं सासर वसईचं, कॅथलिक. तिचे सासरे गेले आणि हा सुटसुटीतपणा कोलमडला. भेटायला येणारा जो तो म्हणे, "बाबा प्रभूकडे गेले." दफनाच्या वेळी फादर म्हणाले, शेवटच्या दिवशी हा देह पुन्हा उठेल. आता, बाबा प्रभूकडे पोचले असतील तर उठायचं कुणी? आणि पोचलेल्या माणसासाठी महिन्याची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, कशाला?

मी सरळ फादरांनाच गाठलं. त्यांनी शांतपणे समजावून दिलं. मेल्याबरोबर प्रत्येकाचा आपापला न्याय होतो. पुढे स्वर्ग, नरक किंवा पर्गेटरी. पर्गेटरी म्हणजे सौम्य नरक, असं मी धरून चाललो होतो, तसं नाही. तिथे गेलेला माणूस स्वर्गात जाणार हे पक्कं असतं, फक्त शुद्ध व्हायचं बाकी असतं. मागे राहिलेल्यांच्या प्रार्थनेची, मिस्सेची त्याला मदत होते. २ नोव्हेंबरला कबरींवर फुलं वाहून मेणबत्त्या लावतात, त्याच्यामागे हेच. देह मात्र मातीत थांबतो. जगाच्या शेवटी ख्रिस्त परत येईल, देह उठतील, ज्याचा त्याच्या आत्म्याला मिळेल आणि सगळ्यांचा एकत्र न्याय होईल.

म्हणजे स्वर्गात पोचलेला आत्मासुद्धा एका अर्थी अर्धाच! देह हे टाकून द्यायचं जुनं वस्त्र, हे ऐकत मी लहानाचा मोठा झालो. इथे तेच वस्त्र परत अंगावर चढायचं होतं. पुनर्जन्माशी याचा काही संबंध नाही: माणूस तोच, देह त्याचाच, आणि हे घडायचं एकदाच.

एवढं उमगल्याच्या आनंदात मी पुण्याला परतलो आणि नगरकडच्या प्रोटेस्टंट मित्राला सगळं ऐकवलं. तो म्हणाला, "आमच्यात पर्गेटरी नाही." कॅथलिकांचा एक आधार मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. तिथे यहूदा मक्काबी लढाईत पडलेल्यांच्या पापांसाठी अर्पण पाठवतो. पण ते पुस्तक प्रोटेस्टंट बायबलमध्ये नाहीच. प्रोटेस्टंटांनी पर्गेटरी नाकारली, म्हणून ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३मध्ये ती पुन्हा ठासून सांगितली. मित्राच्या हिशेबी विश्वासणारा मरताक्षणी ख्रिस्ताजवळ असतो. शेजारच्या क्रुसावरच्या चोराला येशूने त्याच दिवशी सुखलोकाचं वचन दिलं होतं की! मग मेलेल्यासाठी काय मागायचं? त्यांच्यात प्रार्थना होते ती मागे राहिलेल्यांना धीर मिळावा म्हणून.

त्याच्याच सोसायटीत एक सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट गृहस्थ राहतात. ते म्हणाले, दोघांचंही चुकतंय. मेलेला माणूस झोपलेला असतो, त्याला काही म्हणता काही कळत नाही; ख्रिस्त येईल तेव्हाच जाग. मी चहा संपवून निघालो.

पुढे वाचताना माझ्या गोंधळाला भलतीच थोर सोबत मिळाली, खुद्द एका पोपची. १३३१च्या सर्व संतांच्या सणाला आव्हिन्यों इथे पोप जॉन बाविसावे यांनी प्रवचनात सांगितलं की संतांच्या आत्म्यांनादेखील अंतिम न्यायापर्यंत देवाचं साक्षात दर्शन होत नाही. गहजब झाला. पॅरिसचे धर्मपंडित विरोधात गेले. अखेर डिसेंबर १३३४मध्ये, मरणाच्या आदल्या दिवशी, पोपनी ते मत मागे घेतलं. (दुसऱ्याच दिवशी त्यांना खरं काय ते कळणारच होतं.) त्यांच्यामागून आलेल्या बेनेडिक्ट बारावे यांनी १३३६मध्ये निकाल दिला: शुद्ध झालेल्या आत्म्याला न्यायाच्या दिवसापर्यंत ताटकळावं लागत नाही.

मला स्वतःला आत्म्यापेक्षा देहानेच जास्त छळलं. मुंबईत दफनभूमीला जागा अपुरी, म्हणून काही वर्षांनी कबर उकरून अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. अशा कोनाड्यातून कोण, कसं उठणार? कॅथलिक चर्चने १९६३मध्ये दहनाची मुभा दिली. राखेतून उठवणं देवाला अवघड नाही, असं त्यांचं म्हणणं. पण राख विखरायची नाही, हे २०१६मध्ये पुन्हा बजावलं. आपल्याला तर अस्थी नदीत सोडल्याशिवाय चैन पडत नाही! संत ऑगस्टीन यांनी सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी याहून बारीक खल केला होता: कापलेल्या केसानखांचं काय होणार, तान्ही मुलं कोणत्या वयाची होऊन उठणार. ते वाचून माझे प्रश्न फार बाळबोध नसावेत असं वाटलं.

महिन्याच्या मिस्सेला पुन्हा वसईला गेलो. मिस्सा आटोपल्यावर बहिणीच्या सासूबाईंनी फादरांना अडवलं.

"फादर, तिकडं नवरा-बायको असं काही नसतं म्हणे?"

"नसतं, आई. पुनरुत्थानानंतर लग्नं नाहीत, असं येशूनेच सांगितलंय."

"नसू दे. पण यांचा गुडघा?"

"दुखणार नाही."

"मग मी ओळखायचं कसं? जन्मभर लंगडतच चालले."

फादर क्षणभर थांबले. म्हणाले, "ख्रिस्त उठला तेव्हा हातावरचे खिळ्यांचे व्रण तसेच होते, आई. थोमाने त्यांवरूनच ओळखलं."

सासूबाईंनी यावर जरा विचार केला. "म्हणजे थोडं लंगडतील," असं स्वतःशीच ठरवून त्या पुढच्या मिस्सेचं नाव द्यायला ऑफिसच्या खिडकीकडे वळल्या.