थव्यामागचा बहिरी

दिवाळी सरली, मीना नदीच्या काठच्या उसावर पहाटेचं धुकं रेंगाळायला लागलं, की माझे डोळे नारायणगड आणि खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या डिशांमधल्या आभाळाकडे लागतात. ज्वारी हुरड्यात आली की भोरड्या उतरतात. जिथे थवे, तिथे आज ना उद्या बहिरी ससाणा.

तो शोधायचा तर त्याला शोधू नये. थव्याकडे बघावं. ज्वारीवर विखुरलेल्या भोरड्या एकाएकी उठतात, घट्ट गोळा होतात, वळतात, लांबतात, पुन्हा आवळतात. आपल्याला वर काहीच दिसत नसतं, त्यांना दिसलेलं असतं. मग उंचावरचा एक ठिपका पंख मिटतो आणि खाली येतो. या झेपेचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या पुढे जातो. पंजांचा तडाखा बसला तर भक्ष्य हवेतच संपतं. बहुतेक वेळा मात्र बसत नाही. थवा फाटतो, पुन्हा जुळतो, आणि बहिरी रिकाम्या पंजांनी उच्चदाबाच्या टॉवरवर जाऊन बसतो. तिथे दुर्बिणीतून तो निवांत बघता येतो. पाठ निळसर राखाडी, छाती फिकट, गालावर काळ्या मिशीसारखा पट्टा.

जुन्नरच्या पश्चिमेला, जीवधन आणि नाणेघाटाच्या बाजूला, त्याचा भाऊबंद शाहीन राहतो. डोकं काळंभोर, पोट तांबूस. तो इथलाच. सह्याद्रीच्या कपारीत घरटं करतो आणि कडा सोडून फार लांब जात नाही. हिवाळ्यात येणारा बहिरी उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रातला. त्याला मुक्कामासाठी कडाच लागतो असं नाही. उंच बैठक आणि खाली भरपूर पाखरं एवढं पुरतं. मुंबईच्या टोलेजंग इमारतींवरही तो म्हणूनच हिवाळा काढतो. पारव्यांनी भरलेलं शहर त्याच्या दृष्टीने डोंगरच आहे.

युरेशियाच्या उत्तर टोकाकडच्या 56 बहिरींच्या अंगावर उपग्रह-यंत्रं बसवून केलेला एक अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. पाच वेगवेगळ्या वाटांनी ते दक्षिणेकडे उतरतात आणि पुढच्या वर्षी बहुधा आपलीच वाट धरतात. लांबच्या प्रवासाशी एका जनुकाचा संबंध त्यात दिसला आणि त्या जनुकाचं नातं दीर्घकाळच्या स्मृतीशी आहे. हे वाचल्यापासून मला त्या टॉवरवरच्या पक्ष्याला पाहुणा म्हणवत नाही.

बहिरीने जशी ही जागा निवडली, तशी डिशांसाठी खोडदची निवड कोणी आणि का केली, हेही मला त्याला पाहताना आठवतं. गोविंद स्वरूप यांना रेडिओ दुर्बिणीसाठी माणसांच्या रेडिओ गोंगाटापासून दूरची जागा हवी होती. 45 मीटर व्यासाच्या 30 डिश इथे आल्या. त्यांतल्या 14 मधोमध, बाकीच्या तीन दिशांना लांबवर पसरलेल्या. जाळीच्या असल्याने वारा त्यांतून आरपार जातो. गावाने आपली शेती करत करत त्यांना सामावून घेतलं.

बहिरीलाही इथलं शेत निर्धोक असायला हवं, हे मला मनापासून वाटतं. डीडीटीने युरोप-अमेरिकेत त्याची अंडी इतकी पातळ कवचाची केली होती, की उबवायला बसलेल्या मादीखालीच ती फुटत. 1972 मध्ये अमेरिकेने त्यावर बंदी आणली आणि हा पक्षी हळूहळू सावरला. विष पिकावर पडतं, किडीतून भोरडीत जातं, आणि भोरडीतून त्याच्यात साठतं. द्राक्ष-टोमॅटोच्या या पट्ट्यात फवारणीचा पंप पाठीवर घेणाऱ्या प्रत्येकाच्या हाती त्याचंही काही असतं.

28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, शाळांच्या गाड्या डिशा बघायला येतात. मुलांनी जरा पाखरांकडेही बघावं, बहिरी तेव्हा अजून गेलेला नसतो. उन्हं तापली की तो निघतो. टुंड्रातला उन्हाळा जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा, आणि तेवढ्यात अंडी, पिल्लं आणि पिल्लांची पहिली भरारी, सगळं उरकायचं असतं.