मागच्या रांगेतले

सिंफनी ऐकायला जायचं तर तिकीट वरच्या गॅलरीचं काढावं. खिशालाही बरं. मुंबईत एनसीपीएच्या जमशेद भाभा थिएटरमध्ये पुढं बसलं की कंडक्टरची पाठ आणि व्हायोलिनवाल्यांची लगबग तेवढी दिसते. वरून मागच्या रांगा दिसतात, आणि तिथली बरीच मंडळी बराच वेळ चक्क काहीही करत नसतात.

आपल्या मैफलीत ही चैन नाही. गवयामागे तानपुरा घेऊन बसलेल्या शिष्येकडं कुणी बघत नाही, पण तिला क्षणाची उसंत नसते. सिंफनीत उलट. ड्वोर्झाकची नववी सिंफनी, 'न्यू वर्ल्ड', 1893 साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये पहिल्यांदा वाजली. तिच्यात झांज वाजते एकदाच, चौथ्या भागात. तोवर अर्धा तास उलटलेला असतो. बरं, वाजते म्हणजे दणका नाही. शेजाऱ्याशी कुजबुजत असाल तर निसटून जाईल इतकीच. (काही ठिकाणी तिसऱ्या भागातला ट्रायँगलही त्याच माणसाच्या गळ्यात मारतात, तेवढाच विरंगुळा.) ट्यूबाच्या वाट्याला तर दुसऱ्या, संथ भागातले मोजके सूर. पुढं ट्यूबा नुसता मांडीवर.

पण हे बसणं रिकामं नव्हे. त्यांच्या कागदावर एक आडवी जाड रेघ असते आणि तिच्यावर आकडा: इतकी आवर्तनं गप्प राहा. मग मनात सुरू होतं, एक-दोन-तीन-चार, दोन-दोन-तीन-चार, तीन-दोन-तीन-चार. पहिला आकडा दर वेळी एकानं वाढतो, म्हणजे हिशेब चुकत नाही. आपला जाणकार श्रोता मांडीवर हात मारून समेची वाट साऱ्या सभागृहाला दाखवतो. इथं चेहऱ्यावरची रेषाही हलत नाही.

बेथोव्हननं पाचव्या सिंफनीत ट्राँबोनवाल्यांना तीन भाग गप्प बसवलं. 22 डिसेंबर 1808 रोजी व्हिएन्नात ती पहिल्यांदा सादर झाली. गारठलेलं थिएटर, चार तासांचा कार्यक्रम. मात्र चौथा भाग उसळतो तो त्यांना घेऊनच, आणि जोरात वाजवायचं असलं की गारठलेल्या ओठांचंही निभावून जातं.

खरा निर्दय ब्राम्स. त्याच्या पहिल्या सिंफनीत, 1876 सालच्या, ट्राँबोन शेवटच्या भागापर्यंत मुके. मग एकाएकी त्यांनी वाजवायचं काय, तर चर्चमधल्या प्रार्थनेसारखी हळुवार धून, आणि पहिल्या ट्राँबोनला त्यात उंचावरचा सूर, तोही अलगद. अर्धा तास न वाजलेलं पितळ निवलेलं असतं आणि निवलं की सूर उतरतो. म्हणून ही मंडळी अधूनमधून वाद्यात आवाज न करता गरम श्वास सोडत राहतात. ब्राम्सनं हे जाणूनबुजून केलं असणार असं मला वाटतं. राखून ठेवलेला तो आवाज येतो तेव्हा तोवरची सगळी सिंफनी मागं सरून त्याला वाट करून देते. आधीपासून वाजत असता तर हे झालं नसतं. शिवाय ही एक सिंफनी पुरी करायला ज्यानं स्वतः वीसेक वर्षं लावली, त्याला तीन वादकांना अर्धा तास ताटकळत ठेवण्याचं काय वाटणार!

व्हायोलिनवाल्यांना हे सारं पटतंच असं नाही. 2004 साली बॉनमधल्या, म्हणजे बेथोव्हनच्याच जन्मगावातल्या ऑर्केस्ट्रातले 16 व्हायोलिनवादक कोर्टात गेले. आम्ही इतरांपेक्षा कितीतरी जास्त सूर वाजवतो, तर पगारही जास्त हवा, असं त्यांचं म्हणणं. हिशेब बिनचूकच होता. मी न्यायाधीश असतो तर त्यांतल्या प्रत्येकाला एकेका संध्याकाळी 'न्यू वर्ल्ड'मध्ये झांज घेऊन बसवलं असतं, आणि पगाराचं दुसऱ्या दिवशी विचारलं असतं.